भिंगरीच्या नावानं

बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं फोटोंच्या फ्रेमचं दुकान होतं, आणि गल्लीत त्याला सगळे काचवालाच म्हणायचे. बायकोसुद्धा रागात असली की भिंतीला ऐकवायची, "काचवाल्यांना सांगा, जेवण गार होतंय." माणूस अबोल. काच कापताना श्वास रोखून धरायचा असतो, रेघ एकदाच ओढायची असते. जन्मभर तेच केल्यामुळे त्याचं बोलणंही तसंच झालेलं. थोडक्यात, एका दमात, आणि एकदा बोललं की बोललं.

मुलगी त्याच्या अगदी उलट. घरात ती एका जागी टिकायची नाही म्हणून लहानपणीच तिचं नाव भिंगरी पडलं, ते मोठी झाल्यावरही चिकटून राहिलं. एका कुरिअरच्या कचेरीत ती पत्त्यांची लेबलं टाइप करायची. संध्याकाळी आली की चप्पल काढायच्या आधी तोंड सुरू. आणि विषय ठरलेला. चौघी.

चौघी म्हणजे चार पोरींचा गाण्याचा ग्रुप. त्यांच्या ग्रुपला झकपक नाव होतं, पण फॅन त्यांना नुसतं चौघीच म्हणायचे. थोरली, उंच, बॉबकटवाली आणि धाकटी. सगळं ऐन भरात असताना बॉबकटवाली बाहेर पडली, एकटीनं सोलो गाणी काढायला लागली, आणि फॅन लोकांत उभी फूट पडली. अर्धे म्हणायचे, ग्रुप चालला तो तिच्याच जिवावर, बाकीच्या तिघी नुसत्या मागे उभ्या राहायच्या. उरलेले म्हणायचे, एकटीच्या गाण्यात तिचा आवाज उघडा पडला, आता मशीन लावून ठिगळं मारतात. भिंगरी या दुसऱ्या गटात होती, आणि नुसती होती असं नाही, तिथली फौजदारच होती. फोनवर त्यांचा एक मोठा ग्रुप होता, तिथंही तिचं नाव भिंगरीच, आणि त्यात दिवसभर खडाजंगी चालायची.

"बाबा, तुम्हीच सांगा," जेवताना ती फोन त्याच्या ताटाशी आणायची. "हिचा आवाज फाटतोय की नाही इथं?"

"मला चौघींचे चेहरे सारखेच दिसतात."

"आई, बघ ना यांना. रोज दहा जणांचे चेहरे फ्रेममध्ये बसवतात आणि म्हणे सारखे दिसतात."

तिची पक्की वैरीण एकच. ग्रुपमध्ये तिनं स्वतःचं नाव 'कडू गोळी' असं ठेवलेलं. ती बॉबकटवालीची कट्टर. दोघी कधी भेटल्या नव्हत्या, पण एकमेकींचा जीव खाल्ल्याशिवाय दोघींना घास गोड लागायचा नाही. दोघींची पैजही लागलेली. भिंगरी म्हणायची, तुझी लाडकी एक ना एक दिवस तोंड पाडून ग्रुपमध्ये परत येईल. कडू गोळी म्हणायची, सूर्य पश्चिमेला उगवेल त्या दिवशी.

मग एका दुपारी कामावरून लवकर घरी येताना, चौकातल्या बसथांब्याजवळ, एक माल भरलेला टेम्पो भिंगरीच्या अंगावर गेला. बापाला निरोप मिळाला तेव्हा तो एका लग्नाच्या फोटोला काच बसवत होता. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं.

पोलिसांनी तिच्या वस्तू एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिल्या. त्यात तिचा फोन होता, काच पार चिरफाळलेली, आणि गुंता झालेले इअरफोन. आठवडाभर ती पिशवी कपाटावर पडून राहिली. मग एक दिवस बायको कामावर गेलेली असताना त्यानं फोन चार्जिंगला लावला. तो चालू झाला, कुलूपबिलूप काही नव्हतं. काचेच्या चिरांखाली कडू गोळीचं आणि तिचं भांडण उघडलेलं दिसत होतं, आणि खाली, पाठवायचं राहून गेलेलं, अर्धं वाक्य. "तुझ्या लाडकीला एकटीनं गाता येत असतं तर". एवढंच. तिनं पाठवलेल्या शेवटच्या मेसेजची वेळ बघितली. टेम्पोच्या आधीची, अगदी थोडी आधीची.

त्याखाली, त्यानंतर आलेला, कडू गोळीचा मेसेज. "काय गं, दातखीळ बसली? सुचेना ना उत्तर?"

त्या एका ओळीनं त्याच्या मनातलं सगळं एका जागी गोळा झालं. टेम्पोवाल्याला पकडलं होतं, पण तो रडत रडत ब्रेक गेले म्हणत होता, त्याच्याकडे बघून धड संतापही येत नव्हता. खापर फोडायला काचवाल्याला एक डोकं हवं होतं, आणि ते आता मिळालं. पोरगी रस्त्यात उभी राहून हिला उत्तर लिहीत होती. चार नटव्या पोरींच्या गाण्यांपायी. हिच्यापायी.

तो शिवी लिहायला बसला होता. पण बोट थांबलं. शिवी दिली तर ती पळून जाईल. ही कोण, कुठली, हे कळायला हवं. तिच्या तोंडावर हे सांगायला हवं. एका बोटानं, शोधून शोधून, त्यानं लिहिलं, "दातखीळ नाही. कामात होते."

उत्तर ताबडतोब आलं. "आली बया. मला वाटलं पळालीस."

असं ते सुरू झालं. सुरुवातीला तो सारख्या चुका करायचा. एकदा त्यानं चौघींचं पहिलंच गाजलेलं गाणं दुसऱ्या अल्बममधलं म्हणून ठोकून दिलं. कडू गोळीनं लिहिलं, "डोकं ठिकाणावर आहे ना? तुझ्याकडूनच शिकले मी हे." त्याला धडकी भरली. दुसऱ्या दिवसापासून तो दुकानात भिंगरीचे इअरफोन कानात घालून बसायला लागला. पहिलं गाणं, मग दुसरं, क्रमानं, धड्यासारखं. समोरच्या शिंप्यानं दोनदा हाक मारली तरी याला पत्ता नाही. शिंपी आपल्या बायकोला म्हणाला, "पोर गेली आणि बापाच्या डोक्यावर परिणाम झाला."

आठ-पंधरा दिवसांत त्याला चौघींचे आवाज वेगळे ओळखू यायला लागले. ओळखू आले, आणि त्यातला एक आवडायलाही लागला, याचा त्याला स्वतःचाच राग आला. थोरलीचा आवाज. ती पुढे येऊन फारशी गात नसे. खालून धरून ठेवायची. त्यानं एकदा लिहिलं, "थोरली फोटोमागच्या पुठ्ठ्यासारखी आहे. दिसत नाही. पण काढला तर फोटो वाकतो."

त्यानं एका गिऱ्हाईकाची काच कापून दिली. मग उत्तर आलं, "हे कुठून सुचलं तुला?"

"बाबांच्या दुकानात."

"काका भारी दिसतायत. एकदा त्यांनाच बसव माझ्याशी भांडायला. तुझ्यापेक्षा बरे भांडतील."

तो हसला. मुलगी गेल्यापासून पहिल्यांदाच. आपलं हसणं ऐकून त्यानं इअरफोन काढून ठेवले आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

हळूहळू कडू गोळी ग्रुपबाहेर, वेगळ्या मेसेजमध्ये, इतरही सांगायला लागली. मामाच्या औषधाच्या दुकानात ती काउंटरला असते, म्हणून हे नाव. वडील नाहीत. आईला नीट दिसत नाही. एकदा तिनं लिहिलं, "तू बदललीस बाई. आधी माझं अर्धंच ऐकायचीस आणि तुटून पडायचीस. आता ऐकून घेतेस. बरं वाटतं." काचवाल्यानं ते वाचलं आणि फोन पालथा घालून ठेवला. तेव्हाच थांबला असता तर बरं झालं असतं. पण एकीकडे त्याला ते भांडण हवंसं झालं होतं, कारण तेवढा वेळ भिंगरी कुठेतरी आहे असं वाटायचं. आणि दुसरीकडे आत रागाचा तो गोळा तसाच होता, विरघळत नव्हता.

दोनेक महिने असे गेले. मग एका सकाळी ग्रुपमध्ये एकच कल्ला उडाला. बॉबकटवाली परत येत होती. चौघी मिळून नवं सिंगल काढणार होत्या. फॅन लोक नाचायचे तेवढे बाकी होते. आणि कडू गोळीचा मेसेज आला, "जिंकलीस बाई. सूर्य पश्चिमेला उगवला. ये आता दुकानात, टॉवरसमोरच्या चौकात, मामाचं औषधाचं दुकान कुणीही दाखवेल. हरलेली मी कशी दिसते ते बघून जा."

जिंकलीस. तो शब्द त्याला सहन झाला नाही. जिची पैज होती तिला हे कळणारसुद्धा नव्हतं. त्यानं दुकानाचं दार ओढलं, फोन खिशात टाकला आणि निघाला.

औषधाचं दुकान दुपारचं रिकामं होतं. काउंटरमागे उंच स्टुलावर एक चष्मेवाली पोरगी गोळ्यांच्या पट्ट्या लावत बसली होती. भिंगरीच्याच वयाची, किंचित थोराड. त्यानं विचारलं, "कडू गोळी तूच का?"

ती दचकली, मग हसली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी भिंगरीचा बाप."

"काका." ती स्टुलावरून उतरलीच. "ती कुठंय? बाहेर लपलीय ना? मला माहीत होतं, जिंकल्यावर एकटी येणार नाही, वरात घेऊन येणार."

"ती नाही. ती गेली."

"कुठं गेली?"

त्यानं चिरफाळलेला फोन काउंटरवर ठेवला. येताना मनात घोकलेलं सगळं त्यानं एका दमात सांगितलं. चौक. टेम्पो. अर्धं वाक्य. "तुला उत्तर लिहीत होती. रस्त्यात. तुझ्याशी भांडता भांडता गेली माझी पोर."

ती फोनकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "पण काल तर ती माझ्याशी बोलली."

"मी होतो तो."

"पुठ्ठ्याचं?"

"मीच."

एक म्हातारा खोकल्याचं औषध मागायला आला. पोरीनं बाटली काढून दिली, किती चमचे घ्यायचं ते सांगितलं, झाकण घट्ट लावून दिलं. तो गेल्यावर ती काउंटरमागे खाली जमिनीवर बसली, आणि काचवाल्याला फक्त तिचा हात दिसत राहिला, काउंटरची कड घट्ट धरलेला. रडण्याचा आवाज नव्हता.  छातीवरचा धोंडा उतरेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. फोन उचलून तो बाहेर पडला.

बायको हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायचं काम करायची. संध्याकाळी ती हात चोळत बसली होती तेव्हा त्यानं तिला सांगितलं. फोन, मेसेज, दुकान, सगळं. तिचे हात थांबले.

"तिला काय सांगितलंत?"

"खरं ते सांगितलं. तिला उत्तर देताना..."

"फोन बॅगेत होता," बायको म्हणाली. "मी सांगितलं होतं तुम्हाला. त्याच आठवड्यात. थांब्याजवळ तो चावीवाला बसतो, त्याच्याकडे जाऊन आले होते मी. त्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलं. ही फुटपाथवर होती, फोन बॅगेत टाकलेला, टेम्पोच वर चढला. मी इथंच बसून सांगितलं, आणि तुम्ही भिंतीकडे बघत होता."

त्याला आठवेना. बायको काहीतरी बोलत होती एवढं आठवत होतं. शब्द आठवत नव्हते.

"एक पोरगी गेली ती पुरली नाही तुम्हाला?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. उठून आत गेली, आणि त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही.

सकाळी तो अपघात झाला त्या चौकात गेला. थांब्याशेजारी किल्ल्यांचा घोस टांगलेली लोखंडी पेटी आणि तिच्यामागे एक वाळकासा माणूस. काचवाल्याला नाव सांगायची गरज पडली नाही, चेहऱ्यावरूनच त्यानं ओळखलं. चावीवाल्यानं त्याच्यासाठी डबा पुढे सरकवला, बसायला.

"तुमची मिसेस आली होती," तो म्हणाला. "तुमची मुलगी इथं उभी होती, माझ्या पेटीला टेकून. फोनवर काहीतरी लिहीत होती, हसत होती आपल्याशीच. मग फोन बॅगेत टाकला आणि मला विचारलं, काका, बस गेली का? मी म्हटलं, येईल आता. तेवढ्यात तो वर आला. मी या बाजूला पडलो. ती त्या बाजूला." त्यानं डावा हात दाखवला. दोन बोटं वळत नव्हती. "फोन हातात असता तरी काही फरक नव्हता साहेब. पळायला जागाच नव्हती."

काचवाला तिथून तडक औषधाच्या दुकानात गेला. काउंटरवर मामा होते. यानं ओळख दिली तशी त्यांचा चेहरा बदलला.

"तुम्हीच का ते? काय बोललात पोरीला? काल घरी आली ती भिंतीकडे तोंड करून पडलीय. पाण्याचा घोट नाही. तिच्या आईला धड दिसत नाही, बिचारी चाचपडत हिच्या अंगावरून हात फिरवत बसलीय."

"माझी चूक झाली. मी चुकीचं सांगितलं. मला एकदा भेटू द्या."

मामांना त्याला हाकलून द्यायचं होतं. पण दुसरा उपायही सुचत नव्हता. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि त्याला घरी नेलं.

ती खाटेवर उठून बसली. त्यानं सगळं नीट सांगितलं, चावीवाला, फुटपाथ, बॅग. जन्मात तो एवढं सलग बोलला नव्हता. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काका, तुम्ही हे मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"नाही गं पोरी. खरंच सांगतोय."

"काल पण खरंच सांगत होता." ती चष्मा पुसत होती, पुसून झाला तरी पुसत होती. "दोन महिने तुम्ही तिच्या नावानं लिहिलंत. मी एकदाही ओळखलं नाही. माझ्या आईचं, घरचं, सगळं सांगितलं मी तुम्हाला. आता यातलं कुठलं खरं धरू मी?"

 दुसऱ्या दिवशी तो चावीवाल्याला घेऊन आला. बिचारा धंदा सोडून, पेटी शेजारच्या पानवाल्याच्या हवाली करून आला. त्यानं आपली बोटं दाखवली, जसं घडलं तसं सांगितलं. तिचा त्याच्यावर विश्वास बसल्यासारखा दिसला. खांदे जरा सैल झाले. मग तिनं विचारलं, "तिचं लक्ष होतं का समोर? टेम्पो येताना?"

चावीवाला खोटं बोलू शकला असता. काचवाला त्याच्याकडे बघत होता, मनातल्या मनात त्याचे पाय धरत होता. पण तो सरळ माणूस होता, थोडा विचार करून म्हणाला, "ते मला कसं कळणार बाळा? ती रस्त्याकडे तोंड करून उभी होती. मनात काय चाललंय, कुणी सांगावं?"

"उत्तर शोधत असेल," ती म्हणाली. "अर्धं लिहिलं होतं ना. उरलेलं शोधत असेल."

मामांनी दोघांना दारापर्यंत पोचवलं आणि परत येऊ नका असं हात जोडून सांगितलं.

काचवाल्यानं मग एक गोष्ट केली. फॅन लोकांच्या त्या ग्रुपमध्ये त्यानं पहिल्यांदा स्वतःच्या वतीनं लिहिलं. मी भिंगरीचा बाप. ती या जगात नाही. गेल्या दोन महिन्यांत तुम्ही जे वाचलं ते मी लिहिलं. तिचा मृत्यू अपघातात झाला, त्यात कुणाचा दोष नाही, तुमच्यापैकी तर कुणाचाच नाही. हे शेवटचं वाक्य एकाच माणसासाठी होतं. ते लिहायला त्याला सगळी दुपार लागली.

कुणी रडलं, कुणी हात जोडले, कुणी तिच्या जुन्या भांडणांतल्या ओळी शोधून शोधून टाकल्या. कुणी त्याला ढोंगी म्हटलं. मेलेल्या पोरीच्या नावावर म्हातारा आमच्याशी गप्पा मारत बसला, किळस येते, असंही एकानं लिहिलं. त्यानं सगळं वाचलं. मग चौघींचं नवं सिंगल आलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळे पुन्हा हमरीतुमरीवर आले. बॉबकटवालीला मधला अंतरा दिला तो बरोबर की चूक. धाकटी आता एकटीनं गाणार म्हणे, मग ग्रुपचं काय. कडू गोळी मात्र त्यात नव्हती. तिचं नाव ग्रुपमधून गेलं होतं.

काचवाला काच कापत राहिला. बायको त्याच्याशी कामापुरतं बोलायची. भाजी आणा, नळ दुरुस्त करा. तिनं त्याला माफ केलं नव्हतं, आणि टाकूनही दिलं नव्हतं. थंडी सरता सरता एका सुट्टीच्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "चला, त्या मुलीकडे जाऊन येते. तुम्ही बाहेर थांबा."

पोरगी आता मामांच्या दुकानात बसत नव्हती. माणसांशी बोलायचं काम नको म्हणाली होती, म्हणून मामांनी तिला एका गोदामात लावून दिलं होतं, औषधांची खोकी मोजायला. बायको आत गेली. काचवाला गोदामासमोरच्या बाकावर बसून राहिला. खोक्यांनी भरलेल्या हातगाड्या आत-बाहेर होत होत्या. दोनदा त्याला वाटलं उठावं, दोनदा तो बसून राहिला.

बऱ्याच वेळानं बायको बाहेर आली. तिचे डोळे लाल होते.

"काय म्हणाली?"

"फार नाही बोलली. बसवलं. चहा दिला. भिंगरी घरी कशी बोलायची ते विचारत होती. मोठ्यानं बोलायची का, हसायची कशी. तिनं आवाज कधी ऐकलाच नव्हता म्हणे, नुसतं लिहिलेलंच." बायको पदरानं नाक पुसत थांबली. "मी सांगितलं, जेवढं जमलं तेवढं. परत ये म्हणाली. पुढच्या रविवारी."

"आणि मी?"

"तुम्ही नका येऊ म्हणाली."

त्यानं मान हलवली. दोघं थांब्याकडे चालायला लागले. बायकोच्या हातात पिशवी होती, ती त्यानं घेतली. तिनं घेऊ दिली.